डबल पाळी आणि तारकागुच्छ
एकाच वेळी जन्मलेल्यांतले काहीजण लवकर का विझतात, हे तुम्ही कधी विचारलंय? तापल्या लोखंडाचा वास आला की मला जालन्यातल्या आमच्या शाळेचं मैदान आठवतं. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, सर तिथे मुलांना आणि पालकांना दुर्बिणीतून बंदिस्त तारकागुच्छ दाखवत होते. काळ्या तव्यावर ज्वारीचं पीठ सांडावं तसे दाट तारे. सर म्हणाले, “हे सगळे एकदमच जन्मले. जड होते ते भराभर जळून संपले, हलके उरले. कोण संपलं, त्यावरून गुच्छाचं वय कळतं.” लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये डबल पाळी करणारे बाबा दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात तिथे आले होते, कपड्यांना तापल्या लोखंडाचा वास घेऊनच. आई त्यांच्याकडे वळली. “ऐकलं का? उद्यापासून एकच पाळी.” “मी काय तारा हाय का?” “तारा असता तर रोज संध्याकाळी दिसला तरी असता!” दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबा अंगणात माझ्या बहिणीची वेणी घालत बसले होते. तुमच्याही घरी कुणी असं झिजत असेल, तर त्याच्या कष्टाचं कौतुक थांबवा आणि आज त्याला वेळेवर घरी आणा.