दूध तापवून प्यावं

मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या घरात तिथवर पोहोचलेलं दुसरं कोणी नव्हतं. पुढं काय करावं हे विचारायला घरात माणूस नव्हता, आणि सांगायला सगळी पेठ तयार होती. आमच्या दोन म्हशी होत्या. माझे वडील, आबा, रोज संध्याकाळी त्यांना घेऊन पेठेतल्या दूधकट्ट्यावर जात आणि गिऱ्हाइकांसमोर धार काढून देत. लोक फेसासकट ऊन दूध तिथंच उभ्यानं पीत.

मला आहारशास्त्र शिकायचं होतं. शाळेतल्या बाईंनी एकदा फळ्यावर जेवणाचं ताट काढून कशातून अंगाला काय मिळतं ते समजावलं होतं, तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. आई म्हणाली, "सैपाक शिकाय कालिजात? मी फुकट शिकवते की."

मी म्हटलं, स्वैपाक नव्हे, अन्न पोटात गेल्यावर त्याचं काय होतं ते.

"त्ये काय हुतंय त्ये सगळ्यास्नी ठावं हाय," म्हणून ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

हा विषय शिकवणारी दोन कॉलेजं मला ठाऊक झाली. एक पुण्याला. तिथल्या शिष्यवृत्तीतून फी भागली असती, पण राहणं-खाणं ज्याचं त्यानं बघायचं. दुसरं इथंच, सायकलवरून जाण्यासारखं. इमारत लहान, प्रयोगशाळा त्याहून लहान. पण आमच्यासारख्यांना फी माफ, आणि पुस्तकांसाठी एकाच मुलीला शिष्यवृत्ती, तीही मुलाखत घेऊन. मनातून मला पुणं हवं होतं. ते मी कुणाजवळ बोलले नाही.

आबांनी मात्र दोन्ही कॉलेजांचं कट्ट्यावर सांगितलं. तालमीतले एक म्हातारे वस्ताद आमचं रोजचं गिऱ्हाईक. ते म्हणाले, "पुण्याचं दूध पाण्यावानी असतंय. पोरगी वाळून जाईल."

"वस्ताद, ती शिकाय चाललीया, कुस्ती धराय न्हवं," आबा म्हणाले.

"शिकायलाबी ताकद लागती की."

सगळे हसले, मीही हसले. आबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. पुण्याला जाते म्हटलं तर त्या दोनांतली एक विकावी लागणार, आणि आबा तोंडातून शब्द न काढता ती विकणार, हे मला तेव्हा दिसलं. मी इथलं कॉलेज धरलं. पुस्तकांचं जमलं नाही तर एक वर्ष थांबू, असं आबा म्हणाले. एक वर्ष थांबलेल्या मुली पुन्हा कॉलेजात गेलेल्या मी आमच्या गल्लीत पाहिल्या नव्हत्या.

मुलाखतीला आबा बरोबर आले. ते बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले, नेमके उघड्या खिडकीखाली. आतून मला त्यांचा पटका दिसत होता. समोरच्या मॅडमनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा वर सारला.

"वडील कट्ट्यावर दूध देतात?"

"हो."

"लोक तिथं कच्चंच पितात ना? तसं प्यावं का?"

मला उत्तर येत होतं, आणि पटकाही दिसत होता. मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला. मग मी म्हणाले, "नाही. जनावराच्या अंगातले, हाताचे, भांड्याचे जंतू त्यात असू शकतात. दूध तापवून प्यावं." आवाज जरा मोठाच लागला. पटका हलला.

परत येताना मी सायकल हातात धरून चालत होते. आबा दोन पावलं पुढं. शेवटी मीच विचारलं, "रागावला व्हय?"

"कशापायी? घरात तुझी आई तापवल्याबिगर थेंब देती का कुणाला?"

ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर होती आणि माझ्या ध्यानातच आली नव्हती. "मग कट्ट्यावर?"

"गिऱ्हाईक मागतंय तसं देतो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "बारक्या पोरास्नी घरी दूध न्हेत्यात त्यास्नी सांगत जाईन आता. तापवून द्या म्हणून."

आणि खरंच सांगू लागले. 'आमच्या पोरीनं सांगितलंय' हे मात्र आधी.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या फलकावर शिष्यवृत्तीपुढं माझं नाव लागलं. मी ते दोनदा वाचलं आणि सायकल हाणत थेट कट्ट्यावर गेले. आबांनी ऐकलं, हात धुतले आणि पुन्हा धारेला बसले. त्या संध्याकाळी त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

वस्ताद भरलेला पेला घेऊन माझ्याकडं बघत उभे. "तुझा बा म्हणतोय तापवून प्या. मग म्या ह्ये पिऊ का नको?"

"तुमास्नी काय हुतंय, वस्ताद?" आबा म्हशीमागून म्हणाले. "तुमच्या पोटात जंतूच मरतील."

"तू गप. मी पोरीला इचारतोय. कालिजात ती चाललीया."

सगळा कट्टा माझ्याकडं बघत होता. मी लाजत म्हणाले, "अजून शिकायचंय, वस्ताद. शिकून आले की नीट सांगते."

"बरं," ते म्हणाले, "तवर पितो." आणि पेला तोंडाला लावला.