दारातली नाचणी

आबकारी कचेरीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फाईल उघडली की ते आपोआप बाहेर पडतात! मी पुण्याला बी.ए. झालो, कॉलेजात दारूबंदीवर भाषणं ठोकली, आणि भोरला येऊन चिकटलो कुठं, तर दारूच्या परवान्यांच्या टेबलावर! मित्र अजून हसतात. हसा! पण वेल्ह्याकडच्या एका दुकानाचं ऐका.

दुकान बापूशेटचं. तो रोख पैशाऐवजी धान्य घेऊन दारू देतो, अशी सरूबाई नावाच्या बाईची तक्रार होती. तिचा नवरा भिवा दर वर्षी घरची नाचणी त्या दुकानात नेऊन रिचवायचा.

"औंदा तरी माजी नाचणी घरात ऱ्हाऊ द्या," एवढंच तिचं मागणं.

धान्य घेऊन दारू विकणं म्हणजे उघड नियमभंग. मला वाटलं, आठवड्यात परवाना रद्द! आमचे इन्स्पेक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "बी.ए., आधी साक्षीदार आणा."

*

साक्षीदार एकच मिळाला. खुद्द भिवा!

साहेबांनी विचारलं, "धान्य देऊन दारू घेतोस?"

"न्हाई सायेब. धान्य म्या शेटला प्रेमानं देतो."

"आणि दारू?"

"ती शेट मला प्रेमानं देत्यात."

"दारूत पाणी घालतो का तो?"

"घालत्यात की! म्याच सांगितलंय. घरला चालत जावं लागतंय न्हवं!"

पाणी घातल्याबद्दल परवाना पंधरा दिवस तहकूब झाला. रद्द मात्र नाही.

*

दुकानाला लाखेचं सील लागलं. बापूशेट हात जोडून उभा. "साहेब, माझा देव्हारा आत आहे. रोजच्या पूजेचं काय?"

साहेब देवभोळे. पंचांसमक्ष सील काढावं, पूजा करावी, पुन्हा सील लावावं, असा हुकूम निघाला.

पहिल्या दिवशी पंच मिळता मिळेनात. दोन-चार दिवसांत अख्खा गाव पंच व्हायला तयार! पूजा लांबत चालली. पंच तीर्थ घेऊन डुलत डुलत बाहेर पडू लागले.

सरूबाई मला म्हणाली, "आमचं मालक येवडं देवभक्त कंदी झालं वो?"

*

पंधरा दिवसांनी सील कायमचं निघालं त्या दिवशी साहेबांना दुकानाचं मागचं दार दिसलं. दुकानाला एकच दार पाहिजे आणि तेही रस्त्यावर, असा नियम. बापूशेटनं ते दार दगडमातीनं चिणून टाकलं. साहेब खूश!

मी चिडलो. "साहेब, एवढे नियम मोडून परवाना रद्द होत नाही, मग होतो तरी कशानं?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "दुकान न चालवल्यानं! परवानगीवाचून आठवड्याहून जास्त बंद ठेवलं की खजिन्याचं उत्पन्न बुडतं. त्याला माफी नाही."

सरूबाई तक्रारीचं काय झालं ते विचारायला आली होती, पायरीवर बसली होती. मी संतापून ते कलम तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, बघ हा न्याय!

तिनं एवढंच विचारलं, "दुकानाला दार आता येकच ऱ्हायलं न्हवं?"

*

सुगीत बापूशेटचा निरोप आला: दुकान उघडता येत नाही, ताबडतोब या! साहेब घोड्यावर, मी मागून पायी.

बघतो तर दुकानाच्या उंबऱ्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंत नाचणी वाळत घातलेली, शेजारी सरूबाई राखण बसलेली! अलीकडं बापूशेट किल्ली हातात घेऊन उभा. त्याच्यामागं सगळी गिऱ्हाइकं, भिवा सर्वांत पुढं. अन्नावर पाय द्यायचा कुणी?

"दुसरा आठवडा लागला, साहेब!" बापूशेट म्हणाला. "बाजूला सारायला गेलो तर ही म्हणते, माझ्या धान्याला हात लावलास तर चोरीची फिर्याद करीन!"

"बाजूला व्हा!" म्हणत साहेब तरातरा पुढं गेले. नाचणीच्या कडेला थांबले. बूट काढले. पाय उचलला. आणि होता तिथंच परत ठेवला.

"बाई, नाचणी इथं कशाला आणलीस?"

"दर साल मालक आणत्यात, सायेब. औंदा म्या आणली."

"वाळणार कधी?"

सरूबाईनं शेजारचा तांब्या उचलला, ओंजळभर पाणी घेतलं आणि सावकाश नाचणीवर शिंपडलं.

"अजून वली हाय."

साहेबांनी बूट घातले. "बी.ए.," ते म्हणाले, "लिहा. दुकान बंद!"