वाणाऐवजी ताट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा मी वाण लुटलं नाही. दाराशी रिकामं ताट ठेवलं आणि आलेल्या बायकांना सरळ सांगितलं, "यांचं डायलिसिस चालू आहे. जमेल ते यात टाका."

वन्सं संतापल्या. "सणाला हात पसरतेस? माझ्या भावाची काय अब्रू राहिली?"

"मघाशी मी वाकले तेव्हा तुम्हीच 'अखंड सौभाग्यवती हो' म्हणालात ना? त्याचीच तजवीज करतेय."

आशीर्वाद आपण किती सहज देतो! तो फळावा म्हणून कुणाला तरी झटावं लागतं, हे मात्र मनातही येत नाही.

शेजारच्या विधवा काकू उंबऱ्याबाहेरून ऐकत होत्या. त्या आत आल्या, ताटात पैसे ठेवून म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या आजारपणात मला मागायची लाज वाटली गं."

सगळ्यांच्या देखत मी त्यांना हळदीकुंकू लावलं.