राक्षसाला सोडलेली बाजू

बांद्याच्या एसटी स्टँडवर मी मांडीवर चौकटींचा कागद पसरून बसलो होतो. रविवारी मित्रांना फाशांच्या खेळात एका अजस्र राक्षसाशी लढवायचं होतं. राक्षस नऊ चौकटी अडवणार, चार वीर त्याला चारी बाजूंनी घेरणार, आणि घेरलं की घाव दुप्पट. या नियमांवर मी भलताच खूश होतो.

शेजारी काजूबियांची पिशवी पायांत धरून एक मावशी बसल्या होत्या. एक बी सारखी बोटांत फिरवत होत्या. काय लिहितोस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं समजावलं. त्या कागदावर वाकल्या.

"झिला, हेका भायर पडाक वाट खंय आसा?"

"नाही मावशी. घेरायचं, हाच तर डाव."

"मगे तो मारतलोच."

मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या केळीच्या बागेत एकदा हत्ती शिरला होता. गावाने फटाके लावून चारी बाजूंनी घेरलं, तसा तो बिथरला. डोंगराकडची बाजू सोडा, म्हणून मावशीच ओरडल्या. लोक हटले आणि हत्ती निमूट निघून गेला.

"आणि केळी?"

"खाल्ल्यान सगळी." त्या हसल्या. "खावंदे. तो लांबसून इल्लो होतो."

त्यांची गाडी लागली. उठताना त्यांनी बोट ओलं करून माझा पेन्सिलीचा एक वीर पुसून टाकला.

रविवारी मी ती बाजू मोकळीच ठेवली, चौथा वीर दुसऱ्या वीराशेजारी उभा केला. राक्षस त्याच बाजूने निघाला. पाठ फिरवणाऱ्यावर एक घाव फुकट मिळतो, असा आमचा जुना नियम आहे. चौघांच्याही हातांत फासे होते. कुणीच टाकले नाहीत.