पंधरा दिवसांचे दोन महिने

वडिलांचा मुदतीचा ताप आषाढात उतरला. डॉक्टरांनी आणखी पंधरा दिवस अंथरुणात ठेवायला सांगितले, आणि त्यानंतर रोज थोडे चालवायला. पहिले मी घरी सांगितले. दुसरे सांगितले नाही. मी आठवडाभर गोंदियाला नोकरीवर असे, रविवारी तेवढा गावी, दवनीवाड्याला येई. माझ्यामागे ते कुठे पडले तर, ही भीती होती. ते अंथरुणात असले की मला निर्धास्त राहता येई, हेही खरे.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. पाण्याचा गडवाही माझी बायको त्यांच्या हातात नेऊन देई.

"काऊन रे, मले मडं समजून राहिला का?" एका रविवारी त्यांनी विचारले.

"पडून राहा, बाबा. ताकद येईल."

"पडून राहून कोनाले ताकद आली?"

बायको सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, तुम्ही उठले की हे मलेच बोलतात."

ते भिंतीकडे वळले.

गावच्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, किती द्यायचे, हे काम माझ्या जन्माआधीपासून त्यांच्याकडे होते. आश्विनात पावसाने ओढ दिली. धान लोंबीवर आले होते, पाणी सोडायला रविवार ठरला. वडील फावडे घेऊन निघाले. दोन्ही वेळ जेवत होते, चेहरा भरला होता. मी अडवले नाही, सोबत गेलो. तलावाची पाळ चढताना दहाव्या पावलावर ते थांबले. मांड्या थरथरत होत्या. फावडे माझ्याकडे दिले, आणखी चार पावले टाकली आणि मातीतच बसले. श्वास पुरत नव्हता.

पाणी थांबणार नव्हते. त्याच सकाळी गावाने ते काम दुसऱ्याला दिले.

डॉक्टरांनी नंतर समजावले, बसून राहिलेला स्नायू नुसता बारीक होत नाही. अन्न आणि हवेतून जोर काढण्याची त्याची शक्तीच मंदावते, म्हणून थोड्या श्रमात दम संपतो. तरण्या माणसात ती लवकर परतते. या वयात किती परतेल, ते सांगू शकले नाहीत.

हिवाळाभर दर रविवारी मी त्यांना चालवले. पाळीच्या पायथ्यापर्यंत ते येत. वर कधी चढले नाहीत.

कोणी विचारले की म्हणत, "तापानं खाल्लं मले."

मी शेजारीच उभा असे. तापाने नाही, हे मी एकदाही बोललो नाही.