तुडुमाजवळचं गढूळ पाणी

ताराचंद कापगते तलावाच्या पाळीवर उभे राहिले की गावाला धीर यायचा. सौंदडच्या अलीकडचं, जंगलाच्या कडेचं हे गाव. तलाव ताराचंदांच्याच पूर्वजांनी बांधलेला. एकोणीस वर्षं ते तलाव समितीचे अध्यक्ष होते. पाळीवर कुठे वारूळ आहे, कुठे खेकड्यांची बिळं आहेत, सगळं तोंडपाठ. तरुणपणी एका पुरात पाळीचा पश्चिमेकडचा कोपरा खचला होता, तो त्यांनी वीस माणसांनिशी वाचवला. तेव्हापासून तलाव भरला की त्यांची नजर आधी तिकडेच जायची.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात सलग तीन दिवस पाऊस कोसळला. सांडव्यावरून धो-धो पाणी जात होतं, तरी तलाव चढतच होता. ताराचंद दोन दिवस घरी गेले नव्हते. बायको जमुनाबाई भाताचा डबा घेऊन आली आणि तसाच परत घेऊन गेली.

"घंटाभर तरी झोपा जी," ती म्हणाली होती.

"मी झोपलो तं पाळ कोन पायल?"

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी पाळीच्या माथ्यापासून हातभर खाली होतं. ताराचंदांनी चाळीस माणसं आणि रेतीची सगळी पोती पश्चिम कोपऱ्यावर लावली. फोन थांबत नव्हता. तालुक्याचे साहेब, खालच्या गावचा सरपंच, फुलचूरला राहणारा मुलगा गजेंद्र. एकाशी बोलणं संपायच्या आत दुसरा वाजायचा, आणि त्यातच कोणी ओरडायचं, "भाऊ, पोते कुठं टाकू?"

पाळीच्या पूर्वेला तुडूम होतं, पाळीच्या पोटातून शेतांना पाणी सोडायची मोरी. ढिवरांचा टोला, म्हणजे मासेमारांची वस्ती, तिच्या खालीच. तिथली रुख्मा धावत आली. लहानपणापासून ती या तलावात मासे धरत होती. पाळीतून निवळ पाणी झिरपलं तर चालतं, गढूळ आलं तर आतली माती निघाली, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

"भाऊ, तुडुमापाशी गढूळ पानी येऊन राहिलं."

"हो हो, पायतो," ताराचंद म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

अर्ध्या तासाने ती परत आली. "धार मनगटायेवढी झाली, भाऊ."

"पायतो म्हनलं ना."

समितीचा सचिव कैलाश बाजूलाच उभा होता. भाऊंनी ऐकलं म्हणजे ते बघतीलच, असं त्याला वाटलं.

रुख्मा वाट पाहत बसली नाही. तिने टोल्यातली एकवीस घरं रिकामी केली, म्हातारी-कोतारी आणि लेकरं शाळेत नेऊन बसवली. मग पोती मागायला तिसऱ्यांदा पाळीवर गेली.

"काऊन आयकत नाही जी तुमी? पाळ चालली!"

ताराचंदांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि कोपऱ्यावरच्या माणसांना ओरडून सांगितलं, "पोते दाबून टाका!"

दहा मिनिटांत तुडुमाजवळ पाळ फुटली. अख्खा टोला वाहून गेला. त्यात एकच माणूस होता. रुख्माचा नवरा उदाराम जाळी आणायला परत गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दीड कोसावर, धानाच्या बांधीत सापडला.

चौकशीत लिहिलं गेलं, अतिवृष्टी आणि जुनी पाळ. गावानेही ताराचंदांना बोल लावला नाही. पंधरा दिवसांनी कैलाशच्या तोंडून सहज निघून गेलं, "रुख्मा तीनदा सांगून गेली होती, भाऊ."

ताराचंदांना त्यातलं एकदाही आठवत नव्हतं. फोन आठवत होते, पोती आठवत होती, कोपऱ्यावरची एकेक भेग आठवत होती. रुख्मा नाही.

ते शाळेत गेले. टोल्यातली माणसं अजून तिथेच राहत होती.

"तू मले सांगितलं होतं?"

"तीनदा."

"मी काय म्हनलं?"

"हो म्हनलं. माह्याकडं पाहूनच म्हनलं." रुख्मा तांदूळ निवडत होती, तिने वर पाहिलं नाही. "तिसऱ्यांदा तुमच्याकडं आली नसती तं मी त्याइच्याजवळ असती. जाऊ नसतं देलं."

ताराचंद दारातूनच परत फिरले.

पुढच्या ग्रामसभेत त्यांनी सगळं उभ्याने सांगितलं आणि अध्यक्षपद सोडलं. सोबत एक कागद ठेवला. पाळीवरच्या माणसाने आठ तासांनी घरी जाऊन झोपावं. फोन दुसऱ्याकडे द्यावा. तुडुमावरच्या माणसाने धोका दिसताच अध्यक्षाला न विचारता पोती न्यावीत.

"येवढी मानसं कुठून आनायची?" दुर्गाप्रसाद नावाचे जुने सभासद म्हणाले. "थकता मानूस भाऊ, देव थोडीच आहा तुमी. होऊन गेलं." मग ते नव्या रस्त्याच्या विषयाकडे वळले. कागद टेबलावरच राहिला. कैलाश अध्यक्ष झाला.

उन्हाळ्यात पाळ बांधली गेली. टोला शाळेमागे उंचावर वसला. रुख्मा आता मासे धरत नाही, मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचते.

ताराचंद पाळीवर जात नाहीत. कोणी काही सांगितलं की ते हातातलं काम खाली ठेवतात, ऐकलेलं शब्दन् शब्द परत म्हणून दाखवतात आणि विचारतात, "हेच म्हनलं ना?" दुकानातली माणसं हसतात. म्हातारा सटकला म्हणतात. जमुनाबाई मात्र हसत नाही. मीठ आणा, एवढंच सांगायचं असलं तरी ती त्यांचं म्हणून होईपर्यंत उभी राहते, आणि मग म्हणते, "हो, हेच म्हनलं."