राजनच्या लाल गाडीचे ब्रेक

मी मेथी निवडत बसले होते. गजा तीन मजले चढून वर आला आणि दारातच उभा राहिला, चपला काढीना. गजा म्हणजे माझ्या राजनचा दोस्त, वडाळ्याच्या गॅरेजात दोघं वीस वर्षं एकत्र. हॉस्पिटलात राजनजवळ सकाळी तो बसायचा, दुपारी मी जायचे. "काकी, चला," एवढंच बोलला. मी विचारलं, डबा घेऊ का? त्याने मान खाली घातली. तेव्हा कळलं... मी मेथी कागदात गुंडाळली, गॅस बंद आहे का बघितलं आणि निघाले. त्याला आता सात आठवडे झाले. मी चौथी शिकलेली. गजाच्या मुलीने हे लिहून घेतलंय, बोलणं माझंच आहे.

राजन नऊ वर्षांचा असताना त्याचे बाबा गेले. मी चार घरच्या पोळ्या लाटून त्याला वाढवला. दहावीत गणितात गेला तो थेट गॅरेजात. लग्न नाही केलं. सहा वर्षांपूर्वी तिथे एक ठोकलेली लाल गाडी आली, दोनच सीटांची, जमिनीला टेकलेली, शर्यतीत असते तसली. मालकाला ती डोळ्यांसमोर नको होती, ती राजनने घेतली. रविवार-रविवार करून उभी केली. लालबागला आमच्या चाळीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी ताडपत्रीखाली असायची. शेजारची शालन म्हणायची, "तुझी सून आली गो, पण वाकून बघावी लागते." मी त्या गाडीत कधी बसले नाही. गुडघे दुखतात, आणि लाजही वाटायची, पोळ्या लाटणारी बाई असल्या गाडीत. राजन म्हणायचा, एकदा बस, तुला फणसवाडीत नेतो, माहेरच्या गल्लीत, बघू देत सगळ्यांना. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ.

श्रावणात त्याला जिना चढवेना. दर मजल्यावर बसायचा, पाय सुजलेले. हार्टचं पंपिंग पंधरा टक्के राहिलंय म्हणाले. पाणी मोजून, मीठ बंद. डॉक्टरांनी गजाला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळी बघेल असं धरून चालू नका. गजाला काही लपवता येत नाही, त्याच्या तोंडावरूनच मला समजलं. राजनलाही समजलं असणार. त्या संध्याकाळी पेज पिता पिता म्हणाला, "दसऱ्याला फणसवाडी. आता पुढच्या वर्षी म्हणू नकोस." मी हो म्हटलं. गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पण ब्रेकचे पॅड संपले होते. पॅड म्हणजे चाकातल्या लोखंडी थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या वड्या. त्या घासून पार पत्र्यावर आल्या होत्या. तशा गाडीत मला बसवायला तो तयार नव्हता. आठवडाभर खाटेवर पडून मोबाईलवर पॅडच बघत होता. गजा म्हणे शर्यतीवाले घे, "सिंहाला काय स्लिपर घालतोस काय रे?" राजनने त्याला समजावलं, ते पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. रस्त्यावरच्या गाडीला पहिल्या सिग्नललाच ब्रेक लागतो, तिथे ते घसरतात. मग दोन राहिले. एक कडक, पण चार-पाच वर्षं चालणारे. दुसरे मऊ, थंड असतानाही पटकन धरणारे, पण लवकर झिजणारे. मी म्हटलं, चालणारे घे. तो म्हणाला, आई, गाडी थांबायला पाहिजे ना. मी ऐकेना. मला गाडीतलं काय कळतंय... पण त्याने चार-पाच वर्षांचं काहीतरी घरात आणावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जेवले नाही त्या दिवशी. तरी त्याने मऊच मागवले. म्हणाला, "मला आता टिकणारे नकोत गो. धरणारे हवेत."

ऑपेरा हाऊसकडच्या दुकानदाराने बाहेरच्या देशातून मागवले, यायला तीन आठवडे लागले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी खोकं आलं. दुसऱ्या दिवशी गजा येऊन बसवणार आणि दसऱ्याला आम्ही निघणार असं ठरलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. दर वर्षी राजन स्वतः करायचा, नट पिळायचे पाने, जॅक, हातोडी पाटावर मांडून. या वर्षी त्याला सकाळी झोप लागली होती, म्हटलं कशाला उठवू. मीच मांडलं सगळं, आणि मध्ये ते चार नवे पॅड ठेवले. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून आमच्याकडे ते खोबरेल तेलात कालवून लावतात. सगळ्या हत्यारांना लावलं. पॅडची काळी खरबरीत बाजू वर होती, तिच्यावर स्वस्तिक काढलं. चारही पॅडांवर, बोट भरभरून. माझ्या मुलाला या गाडीतून सुखरूप ने, सुखरूप आण असं म्हणत काढलं.

राजन उठला, पाटाकडे बघितलं आणि खाली बसला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "आई, पॅड तेल पितो." वरून पुसलं तरी आतलं तेल तापल्यावर बाहेर येतं, मग ब्रेक दाबला तरी चाक निसटतं. मी पॅड सोड्याच्या गरम पाण्यात घासले. बेसन तेल ओढतं म्हणून दिवसभर बेसनात पुरून ठेवले. तो खाटेवरून बघत होता. "भजी तळतेस काय?" म्हणाला आणि हसताना त्याला धाप लागली. गजाने नखाने उकरून बघितलं, आत लाल डाग तसाच.

दसऱ्याच्या सकाळी मी नवी साडी नेसून त्याच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, हळू चालव, काय व्हायचं ते होऊ दे.

"एकटा असतो तर गेलोही असतो," तो म्हणाला. "तुला घेऊन नाही."

मी साडी सोडून ठेवली. त्याने तिथेच फोन करून दुसरे पॅड मागवले, तसलेच. पुन्हा तीन आठवडे. एक दिवसाआड मी ऑपेरा हाऊसला जायचे. दुकानदार म्हणायचा, मावशी, तुम्ही आलात म्हणून माल लवकर येत नाही. मला माहीत होतं, पण घरात बसून मी काय करणार होते? दुसऱ्या आठवड्यात राजनला हॉस्पिटलात नेलं. मी गेले की आधी माझ्या हाताकडे बघायचा, खोकं आहे का. शेवटी शेवटी मी देवाजवळ त्याचं आयुष्य मागायचंही सोडलं होतं. म्हटलं, खोकं आधी येऊ दे, मग ने. तेवढंही झालं नाही.

लांबत लांबत खोकं तेराव्यानंतर चौथ्या दिवशी आलं. गजा म्हणाला, काकी, मी नेतो तुम्हाला फणसवाडीत. मी नको म्हटलं. नुसते बसव, त्याने निवडलेत ते. तो चाकांशी खाली बसला, दोन तास खपला. मग म्हणाला, नवे पॅड थाळीला भिडेपर्यंत आत बसून ब्रेक दाबायला माणूस पाहिजे. मी दार उघडलं, वाकले, गुडघे मोडून कशीबशी आत शिरले. राजनचे पाय लांब, त्यामुळे सीट पार मागे होती, माझा पाय पोचेना. गजा सीट पुढे ओढायला आला. त्याला म्हटलं, हात लावू नकोस. घरून उशी आणवली, पाठीमागे घेतली आणि पुढे सरकले.

"दाबा काकी," गजा खालून म्हणाला. दाबलं तर पाय सरळ खाली गेला, काहीच नव्हतं तिथे. "सोडा... दाबा." पुन्हा तसंच. पाच-सहा वेळा झालं आणि मग पायाखाली घट्ट लागलं. "हां, धरलं," गजा म्हणाला, "असंच दाबून ठेवा." त्याने चाक फिरवून बघितलं, हललं नाही. मग हत्यारं गोळा केली, हात पुसले.

"सोडा आता, काकी."

मी ऐकलं. पण पाय उचलला नाही. गजाने एकदा आत डोकावून बघितलं आणि तो पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.